ए हॉर्स की द हॉर्स?

नंदुरबार जिल्ह्यात इंग्रजीला रांगेत उभं राहावं लागतं, आणि तिच्यापुढे बरीच मंडळी आधीच उभी असतात. धडगावच्या डोंगरातलं पोर घरी पावरी बोलतं. शाळेत गुरुजी मराठी बोलतात, ती त्याची पहिली परदेशी भाषा. खाली शहाद्या-तळोद्याच्या बाजारात उतरलं की अहिराणी, नाहीतर गुजरी. सिनेमा आणि मोबाइल हिंदीत. आईबाप मजुरीला सुरतेकडे गेले तर गुजराती. नवापूरकडे पावरीच्या जागी मावची घाला, बाकी हिशेब तोच. एवढ्या सगळ्यांनी डोक्यात बिऱ्हाड थाटल्यावर इंग्रजी दारात येते आणि विचारते, 'तुम्हाला व्याकरण येतं का?'

शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली. त्याआधी पाचवीपर्यंत सवलत होती. इंग्रजी न येण्याचं दुःख तेव्हा दहाव्या वर्षी सुरू व्हायचं, आता ते सहाव्या वर्षी सुरू होतं. शाळा संपल्यावर उरलेलं दुःख 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'वाले क्लास वाटून घेतात. हा 'फाडफाड' मला फार आवडतो. मराठी आपण बोलतो, हिंदी झाडतो; इंग्रजी मात्र फाडायची असते.

फाडायला सुरुवात आर्टिकलपासून होते. ए, ॲन, द. मराठी माणसाचं या तिघांशी कधी जमलं नाही, कारण त्यांच्यावाचून त्याचं काही अडलंच नाही. 'पुस्तक दे' म्हटलं की ऐकणाऱ्याला कुठलं ते कळतं. नाही कळलं तर तो विचारतो. इंग्रजांना हे विचारणं बहुधा असभ्य वाटत असावं. म्हणून त्यांनी प्रत्येक नामापुढे चौकीदार बसवला.

ए आणि ॲनचा नियम सोपा आहे, असं सगळेच सांगतात. स्वराचा उच्चार असेल तर ॲन. अक्षर बघायचं नाही, उच्चार ऐकायचा. या नियमाचा सराव करायला जिल्ह्याच्या ठिकाणासारखी जागा नाही, कारण इथे निम्मं जग आद्याक्षरांत चालतं. आमदार म्हणजे 'ॲन एमएलए', मंत्री म्हणजे 'ए मिनिस्टर'. आमदार मंत्री झाला की त्याच्यामागचा एन गळतो आणि मंत्रिपद गेलं की मुकाट्याने परत येतो. झेडपीला ए, तळोद्याच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाला, म्हणजे आयटीडीपीला, ॲन. एसटीला ॲन आणि बसला ए, गाडी तीच असली तरी. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरताना कोणता वापरायचा, हे पुस्तकात दिलेलं नाही.

'द'चा कारभार मात्र संस्थानी आहे. नद्यांना 'द' मिळतो : द तापी, द नर्मदा, द गोमाई. पर्वतरांगेला मिळतो : द सातपुडाज. पण रांगेतल्या एकट्या शिखराला मिळत नाही. एकट्या तलावालाही नाही, त्यामुळे तोरणमाळचा यशवंत तलाव नुसता 'यशवंत लेक'. आता अस्तंब्याचं बघा. दिवाळीत हजारो लोक मशाली घेऊन तो डोंगर चढतात. भळभळत्या जखमेवर तेल मागत अश्वत्थामा या सातपुड्यात अजून फिरतो, अशी श्रद्धा आहे. द्वापरयुगापासून त्याला तेल मिळालं नाही. त्याच्या शिखराला इंग्रजीने 'द'सुद्धा दिला नाही.

क्रमवाचक आणि सुपरलेटिव्ह यांना मात्र 'द' हक्काने मिळतो. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, म्हणून टेंभली 'द फर्स्ट'. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के निघाली आणि राज्यात सर्वांत कमी ठरली, म्हणून आम्ही 'द लोएस्ट'. 'द' दोन्हीकडे सारखाच. त्याला मान-अपमान कळत नाही.

पण 'द'ची खरी परीक्षा सारंगखेड्याला होते. शहादा तालुक्यातलं, तापीच्या काठचं हे गाव. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजार. लांबलांबच्या राज्यांतून घोडे येतात, त्यांच्यामागून बघे येतात, आणि बघ्यांमागून भजीवाले. आता इंग्रजीच्या वहीतलं पिढीजात निबंधवाक्य घ्या : 'द हॉर्स इज ए यूजफुल ॲनिमल.' व्याकरण म्हणतं, इथे 'द हॉर्स' म्हणजे एखादा विशिष्ट घोडा नव्हे, समस्त घोडेजात. वहीत ठीक आहे. सारंगखेड्यात हे वाक्य बोललात तर समोरचे आप्पा हातातली तंबाखू थांबवून विचारतील, 'कोनता?' समस्त घोडेजात विकत घेणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलेलं नाही. आणि 'ए हॉर्स' म्हटलंत तर ते तुम्हाला बाजारातला सगळ्यात मरतुकडा दाखवतील, कारण ज्याला कुठलाही एक चालतो त्याला घोड्यातलं काही कळत नाही, हे त्यांना लगेच कळतं.

उलट, व्याकरणातला एक धडा इथे न शिकवता सगळ्यांना येतो. डिग्रीज ऑफ कम्पॅरिझन. 'नो अदर हॉर्स इन सारंगखेडा इज ॲज फास्ट ॲज धिस हॉर्स.' तेच कम्पॅरेटिव्हमध्ये : 'धिस हॉर्स इज फास्टर दॅन एनी अदर हॉर्स.' तेच सुपरलेटिव्हमध्ये : 'धिस हॉर्स इज द फास्टेस्ट.' एकच गोष्ट अर्थ न बदलता तीनदा सांगायची. दहावीला यावर गुण मिळतात, सारंगखेड्याला यावर घोडे खपतात. 'एनी'नंतरचा 'अदर' विसरलात तर घोडा स्वतःपेक्षाही वेगवान ठरतो आणि वाक्य चुकतं, अशी तंबी व्याकरणाच्या पुस्तकात असते. दलालाला अशा घोड्याचंही वावडं नसतं. एक प्रकार मात्र या बाजारात चालत नाही : 'वन ऑफ द फास्टेस्ट'. इतका प्रामाणिक विक्रेता संध्याकाळपर्यंत घोडा तिथेच बांधून बसतो.

मच आणि मेनी यांचं प्रकरण थोडक्यात आवरतो. नंदुरबारच्या बाजार समितीत लाल मिरची येते, गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळते, आणि त्या बाजूने जाणारा माणूस नाकाला रुमाल लावून जातो. इंग्रजी म्हणते, मिरच्या मोजता येतात, म्हणून 'मेनी चिलीज'. मिरचीपूड मोजता येत नाही, म्हणून 'मच'. धडगावकडचा आंबा झाडावर असेपर्यंत मोजता येतो. चिरून वाळवला की त्याचा आमचूर होतो आणि मोजदादीतून बाद होतो. व्यापारी दोन्ही क्विंटलमध्ये मोजतो आणि पैसे मोजून घेतो. 'मनी' हे नाम इंग्रजीत मोजता येत नाही, हे मी एका व्यापाऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे फार काळजीने पाहिलं.

आता जरा गंभीर विषय. इंग्रजी शिकणाऱ्या जगातल्या तमाम जनतेला छळणारं एक अक्षर आहे : तृतीयपुरुषी एकवचनी क्रियापदाचा एस. आय गो, यू गो, पण ही गोज. का? कारण नाही. बाकीच्या रूपांचे प्रत्यय काळाच्या ओघात झिजून गेले, हा एकटा अडून बसला. पुण्या-मुंबईची पोरं तो खातात : 'ही गो, शी कम.' आमच्याकडे उलट तक्रार. आमचा विद्यार्थी बिनधास्त म्हणतो, 'आय गोज, यू गोज, ही गोज.' गुरुजी लाल शाईने तीनपैकी दोन एस कापतात आणि शेरा मारतात : मूलभूत कच्चं.

कच्चं काही नाही, पक्कं आहे. पोर अहिराणी बोलतंय. अहिराणीत 'मी जास, तू जास, तो जास'. 'मी करस, तू करस, तो करस.' अनेकवचनात 'ते जातस'. म्हणजे साधा वर्तमानकाळ म्हटला की शेवटी स यायचाच, पुरुष कुठलाही असो, वचन कुठलंही असो. त्या पोराने इंग्रजीला आपल्या घरचा नियम लावला, आणि खरं सांगायचं तर तो इंग्रजीच्या नियमापेक्षा जास्त न्यायाचा आहे. एकालाच स देऊन बाकीच्यांना कोरडं ठेवणं खानदेशी पंगतीच्या रीतीत बसत नाही. पुण्याला एसचा तुटवडा, खानदेशात एसचा सुकाळ; राज्याची सरासरी काढली तर महाराष्ट्राचं इंग्रजी अगदी बरोबर निघेल.

टू बीचंही तेच. ॲम, इज, आर. तिघांच्या जागी अहिराणीत एकवचनाला एकच 'शे' : मी शे, तू शे, तो शे. ज्याच्या आजीने एका 'शे'वर संसार केला, त्याला या तिघांची ओळख करून द्यायची म्हणजे वेळ लागणारच.

एका बाबतीत मात्र खानदेशी माणूस इंग्रजांना भेटल्यावर भाऊ भेटल्यासारखा आनंदतो. अपूर्ण वर्तमानकाळ. 'काय करी राहिना भो?' 'जाई राहिनू.' शब्दाला शब्द : 'व्हॉट आर यू डुइंग?' 'ॲम गोइंग.' प्रमाण मराठीतला 'मी जातो' रोज जाण्यालाही चालतो आणि आत्ता जाण्यालाही, पण अहिराणी हा भेद पाळते आणि इंग्रजीही. या आनंदाच्या भरात मग सगळीच क्रियापदं करी राहतात. 'आय ॲम अंडरस्टँडिंग.' 'आय ॲम नोइंग हिम.' 'आय ॲम हॅविंग टू बफेलोज.' इथे इंग्रजी डोळे वटारते. तिचं म्हणणं, समजणं, माहीत असणं, मालकीचं असणं या अवस्था आहेत. त्या चालू नसतात, असतात किंवा नसतात. म्हशीच्या बाबतीत मला हे पटत नाही. म्हैस पाळलेल्या माणसाला विचारा. ती सकाळ-संध्याकाळ चालू असते.

मग येतो 'डू'. मराठीत प्रश्न विचारायचा तर शेवटी 'का' लावा, नाहीतर नुसता सूर चढवा. इंग्रजीला त्यासाठी डू लागतो. या डूला स्वतःचा अर्थ नाही. सगळं सुरळीत चाललं असेल तेव्हा तो दिसत नाही. प्रश्न निघाला किंवा नकार आला की पुढाऱ्याच्या कार्यकर्त्यासारखा धावत पुढे येतो आणि भूतकाळाचा आरोपही स्वतःच्या अंगावर घेतो. 'डिड' आला की मुख्य क्रियापद कपडे झटकून निर्दोष : डिड यू गो. इथे 'डिड यू वेन्ट' म्हणणारा विद्यार्थी दोघांनाही दोषी धरतो. व्याकरणात ते चूक आहे. इतरत्र तपासाची हीच पद्धत योग्य ठरावी.

हे सगळं छापील रूपात ज्या पुस्तकाने आपल्या घराघरात आणलं, त्यावर रेन आणि मार्टिन अशी दोन नावं असतात. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा याच इलाख्यातल्या खानदेशात मोडायचा. पुढे रेनसाहेबांनी १९२४ साली 'बो जेस्त' नावाची गाजलेली कादंबरी लिहिली. तिच्यात तरणीताठी पोरं घर सोडून आफ्रिकेच्या वाळवंटात परक्या फौजेत भरती होतात. आपल्या विद्यार्थ्यांच्या वह्या वर्षानुवर्षं तपासलेल्या माणसाला असं कथानक सुचलं, यात मला नवल वाटत नाही. तसं इंग्रजांचं आपल्यावर एक उपकारही आहे. मराठीतला स्वल्पविराम आणि पूर्णविराम मेजर कँडी यांच्या खटपटीने रुळले. त्यांचं विरामचिन्हांवरचं पुस्तक १८५०चं. त्याआधी मराठी माणूस लिहिताना कुठे थांबत नसे. बोलताना अजूनही थांबत नाही.

प्रेपोझिशन शिकायचं तर नवापूर स्टेशनवर जावं. हे स्टेशन महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या सीमेवर आहे, आणि तिथलं एक बाक अर्धं इकडे आणि अर्धं तिकडे. गाडीची घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होते. व्याकरण सांगतं : ठिकाण बिंदूसारखं असेल तर ॲट, पृष्ठभाग असेल तर ऑन, विस्तार असेल तर इन. म्हणजे ॲट नवापूर स्टेशन, ऑन द बेंच, आणि इन... इथे वाक्य अडतं. मध्यावर बसलेला माणूस एकाच वेळी दोन राज्यांत 'इन' असतो. गुजरातेत दारूबंदी आहे, महाराष्ट्रात नाही, त्यामुळे खिशात काय आहे आणि तुम्ही बाकाच्या कुठल्या टोकाला आहात यावर गुन्हा ठरतो. प्रेपोझिशन हा इथे पोलिसांचा विषय आहे.

सर्वनामांत इंग्रजी गरीब आहे, हे कबूल केलं पाहिजे. कलेक्टरला यू, शिपायालाही यू. पण जास्त गंमत 'वुई'ची. मराठीत ऐकणाऱ्याला धरून 'आपण', वगळून 'आम्ही'. निवडणुकीआधी 'आम्ही रस्ता करू', निवडणुकीनंतर 'आपण सगळ्यांनी मिळून पाठपुरावा करू'. इंग्रजीत दोन्ही वाक्यांना 'वुई'. भाषांतर झालं की आश्वासनाचा माग लागत नाही.

कचेरीला याहून प्रिय एकच गोष्ट : पॅसिव्ह व्हॉइस. शाळेत 'रामा किल्ड रावणा'चं 'रावणा वॉज किल्ड बाय रामा' करतात. तिथवर राम शाबूत असतो. पुढे नियम येतो की कर्ता माहीत नसेल, किंवा सांगायची गरज नसेल, तर 'बाय'सकट गाळावा. कचेरीने एवढा एकच नियम मनापासून आत्मसात केला. द रोड वॉज सँक्शन्ड. द बिल वॉज पेड. द रोड वॉज नॉट फाउंड. कोणी मंजूर केला, कोणी बिल काढलं, कोणाला सापडला नाही? व्याकरणदृष्ट्या विचारायची सोय नाही. वाक्य पूर्ण आहे.

एवढं शिकून दहावीच्या पेपरात काय येतं? 'डू ॲज डायरेक्टेड.' सांगितल्याप्रमाणे करा. यात 'नो सूनर' असतं : घंटा वाजते न वाजते तोच मुलं धावत सुटली. अशा वाक्यांवर गुण मिळवलेला मुलगा सुरतेच्या कारखान्यात साहेबाला 'सुट्टी पाहिजे' एवढं इंग्रजीत सांगताना घामाघूम होतो, कारण सुट्टीत 'नो सूनर' बसवता येत नाही. यातच एक 'रिमूव्ह टू' नावाचा प्रकार आहे. 'ही इज टू वीक टू वॉक' यातला 'टू' काढून टाका. उत्तर : 'ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक.' पूर्ण गुण. कुपोषणाच्या बातम्यांत ज्या जिल्ह्याचं नाव दरवर्षी येतं, तिथल्या वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहिताना गुरुजींचा हात जरा थांबला पाहिजे. 'टू' निघतो. वीक तसाच राहतो.

आणि तो रोगी! 'द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.' पूर्ण भूतकाळ शिकवायला महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या हेच उदाहरण देतात. आधी घडलेल्या क्रियेला 'हॅड', नंतरच्या क्रियेला साधा भूतकाळ. आजोबा शिकले तेव्हा तो मेला, बाप शिकला तेव्हा मेला, नातवाच्या वहीतही मेलेलाच. त्याच पानावर पर्याय म्हणून दिलेलं असतं : 'द पेशंट डाइड आफ्टर द डॉक्टर हॅड कम.' म्हणजे डॉक्टर आधी येवो की नंतर, 'हॅड' कुणाला लावायचा एवढाच वाद. रोग्याचा निकाल लागलेला आहे. शहरातल्या पोराला हे निव्वळ वाक्य वाटतं. अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यात, जिथे पाड्यावरून आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणतात, आणि नर्मदेकाठच्या गावांना दवाखाना बोटीतून जातो, तिथे पोरं हे वाक्य शिकत नाहीत. ओळखतात.

तेव्हा पेपर काढणाऱ्या आणि पुस्तकं लिहिणाऱ्या मंडळींना एक विनंती आहे. नो सूनर राहू द्या, पॅसिव्ह राहू द्या, सारंगखेड्याच्या आप्पांची परवानगी काढून 'द हॉर्स'ही राहू द्या. पण या रोग्याला आता पेपरातून डिस्चार्ज द्या. पूर्ण भूतकाळासाठी सुटलेली गाडी वापरा, आमच्याकडे हव्या तेवढ्या आहेत. आणि डॉक्टर वाक्यात हवेच असतील तर साध्या वर्तमानकाळात घ्या : 'द डॉक्टर कम्स एव्हरी डे.' यातला एस आमची पोरं विसरणार नाहीत, ती हमी अहिराणी घेते. डॉक्टरांची हमी तुम्ही घ्या.